उजवीकडची कपार

१

टिटवीला वाटलं होतं, आईची माशांची टाकी मेलेली असेल.

विमानात, मग गाडीत, मग जिना चढताना तिने ते दृश्य मनात इतक्या वेळा रंगवलं होतं की ते पाठ झालं होतं. पाणी निम्म्यावर आटलेलं, काचेवर मिठाचे पांढरे पापुद्रे, पंप बंद, आणि शेजारी खुर्चीत दाढी वाढलेले बाबा. आईला जाऊन आठ महिने झाले होते. खाऱ्या पाण्याची टाकी आठ महिने सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यासारखं. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत त्याच्या हातून ते होणं नाही. गेल्या गेल्या बाह्या सारायच्या, टाकी घासायची, बाबांवर ओरडायचं आणि मग दोघांनी मिळून एकदाचं रडून घ्यायचं, असा तिचा बेत होता.

दार उघडलं ते गुळगुळीत दाढी केलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या बाबांनी.

"आलीस? दमली असशील."

हॉलमधली चार फुटी टाकी इतकी स्वच्छ होती की आधी तिला वाटलं, आत पाणीच नाही. मग वरची पातळी जराशी हलली. पंप घुमत होता. तापमान पंचवीस. खारेपणाच्या मीटरचा काटा बरोबर हिरव्या रेघेवर. दगड आईने रचले होते तसेच: डावीकडे लहान दगडांची उतरंड, उजवीकडे कमानीसारखा एक मोठा दगड आणि त्याच्या पोटात खोल, अंधारी कपार.

मासा मात्र एकही नव्हता.

"मासे?"

"गेले. एकेक करून."

"मग हे पाणी कुणासाठी राखताय?"

बाबांनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "राखायला नको?" असं म्हणून ते चहा टाकायला आत गेले. जाताना हॉलला पूर्ण वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने गेले. मधून सरळ गेले असते तर चार पावलं पडली असती. त्यांनी अकरा टाकली. टिटवीने ती मोजली. माशांच्या हालचाली मोजण्यातच तिची पाच वर्षं गेली होती, सवय जात नाही.

"तुझा दिवाण आहे बघ," बाबा आतून म्हणाले. "तिथेच झोप."

टाकीच्या उजव्या अंगाला, खिडकीखाली, तिचा शाळेपासूनचा दिवाण होता. त्यावर पांढरी चादर इतकी ताठ घातलेली की वर नाणं टाकलं तर उडेल. कोपरे हॉस्पिटलातल्या खाटेसारखे दुमडलेले.

"हॉलमध्ये झोपायला मी काय पाहुणी आहे? आतल्या खोलीत टाकते अंथरूण."

आत कपबशी जोरात वाजली.

२

टिटवी हे नाव आईने ठेवलेलं. ती सात वर्षांची असताना समुद्राचं पाणी खारट का, हे पटेपर्यंत जेवणार नाही म्हणून बसली होती, तेव्हा आई म्हणाली होती, "टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, ती हीच." पुढे ती खरंच समुद्राच्या मागे गेली. लांबच्या एका बेटावर, जिथे आठवड्यातून एकदा बोट येते, तिथे डॅमसेल मासे जागेवरून कसे भांडतात याचा अभ्यास करू लागली. आई नर्स होती, तीस वर्षं एकाच वॉर्डात. माशांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण लेकीशी फोनवर बोलायला विषय हवा, म्हणून तिने साठीला आल्यावर खाऱ्या पाण्याची टाकी आणली. "अगं, तो निळा आज माझ्या बोटाला चावला," ती सांगायची, आणि टिटवी तिकडून तासभर शिकवायची. त्या तासासाठी ती टाकी होती.

आई गेल्याचा निरोप टिटवीला पाचव्या दिवशी मिळाला. वाऱ्याने बेटावरचा फोन बंद पडला होता, आणि आधी बोटही नव्हती. बाबा फोनवर म्हणाले, "आता येऊन काय करणार? शिक्षण पुरं कर आणि ये." तिने पुरं केलं आणि आली. कायमची आली. इथल्या कॉलेजात शिकवायचं, समुद्रातून ओरबाडून आणलेले मासे घराघरांत मरतात ते थांबवायचं, टाकीत जन्मलेलेच मासे पाळायला लोकांना लावायचं, असे तिचे मोठे मोठे बेत होते. त्यांत पहिला बेत लहान होता: आईची टाकी पुन्हा हलती करायची. बाबांना सकाळी उठून कुणाला तरी खायला घालायचं काम द्यायचं. तेवढं जमलं तर बाकीचं जमेल. नाही जमलं तर इतकं शिकून घरच्या एका माणसाला आपण उठवू शकलो नाही, हे तिला आयुष्यभर सलणार होतं.

माशांच्या दुकानदाराला सगळे खारेकाका म्हणत. गोड्या पाण्यातला मासा त्यांनी दुकानात कधी ठेवला नाही म्हणून, आणि जीभही नावाला जागणारी म्हणून.

"या, डॉक्टरीणबाई."

"अजून नाही झाले, काका, पदवी हातात यायचीय. आणि झाले तरी माशांचीच होणार."

"चांगलंय. पेशंट उलट बोलत नाहीत."

"डॅमसेल हवेत. पण समुद्रातून पकडलेला एकही नको. टाकीत जन्मलेले असतील तरच."

"आता माशाचा जन्मदाखला कुठून आणू?" असं पुटपुटत त्यांनी मागची एक टाकी दाखवली. तिथली पिल्लं एकाने घरी वाढवलेली होती. टिटवीने तीन निवडले, पिवळ्या शेपटीचे निळे. चौथा एक काळाभोर, अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॉमिनो नुसता सांगून ठेवला.

"शहाणी आहेस. मवाळ आधी, गुंड शेवटी," खारेकाका जाळी बुडवत म्हणाले. "ही जात म्हणजे दिसायला नवरी, वागायला सासू. टीचभर मासा, हातभर माज. जो आधी आत गेला तो घरमालक, मागून येईल तो भाडेकरू." मग जाळी तशीच धरून थांबले. "तुझ्या बाबांना मी किती वेळा म्हटलं, साहेब, मीठ नेताच आहात तर एखादा मासाही न्या. म्हणाले, जागा नाही."

"जागा नाही?"

"चार फुटी टाकीत, आत काळं कुत्रं नसताना. मी म्हटलं, दुःखात माणूस बोलतो काहीबाही."

३

दोन आठवडे मासे तिने आतल्या खोलीत वेगळ्या टाकीत ठेवले, रोग नाही याची खात्री केली, आणि एका रविवारी सकाळी मोठ्या टाकीजवळ बादली मांडली. आईची सलाईनची नळी अजून खणात होती. त्या नळीने टाकीतलं पाणी थेंब थेंब बादलीत सोडायचं, म्हणजे माशांना नव्या पाण्याची सवय होते. आई हे फार मन लावून करायची. थेंब अडकला की नळीच्या डबीवर नखाने दोनदा टिचकी मारायची. टक्, टक्. वॉर्डातली सवय.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाहत होते.

"या ना पुढे. तुम्हीच सोडा पाण्यात."

"तू सोड. मला दिसतंय इथून."

तीन निळे ठिणग्यांसारखे आत उडाले. टिटवीचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळपर्यंत त्यांची भांडणं सुरू झाली, आणि भांडण म्हणजे प्रकृती उत्तम. बाबा दारातूनच हसले. "सोसायटीची मीटिंग चाललीय. पार्किंगचा विषय दिसतो." आठ महिन्यांतला त्यांचा तो पहिला विनोद असावा. टिटवीने तोंड फिरवून डोळे पुसले.

मग तिने नेहमीचं काम काढलं. चौकटीच्या कागदावर टाकीचा नकाशा आखला आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक मासा कुठे आहे तिथे ठिपका दिला. रोज दोन तास, आठवडाभर.

आठवड्याने कागद समोर धरला तेव्हा डावीकडे ठिपक्यांची नुसती गर्दी होती. तीनही मासे लहान दगडांच्या उतरंडीत एकमेकांच्या उरावर बसून राहत होते. उजवीकडे, कमानीखालच्या कपारीपाशी, एकही ठिपका नव्हता. सबंध टाकीतली ती सर्वांत चांगली जागा होती: खोल, सावलीची, पाठ राखणारी. असल्या कपारीसाठी डॅमसेल जिवाचं रान करतात. आणि कोऱ्या भागाची कड अस्पष्ट नव्हती. कंपासने काढावी तशी गोल होती.

अशी रेघ आपोआप पडत नाही, हे तिला शिकवलेलं होतं. कुणीतरी सतत हाकलत असेल तरच अशी रेघ पडते.

तिने टॉर्च मारून पाहिलं. कपारीचा आतला दगड एका तळहाताएवढ्या भागात स्वच्छ घासलेला होता. आजूबाजूला शेवाळ, आणि मध्ये तो चकचकीत गोल. डॅमसेल अंडी घालण्याआधी दगड असाच साफ करतो, तोंडाने टिपून टिपून, दिवसेंदिवस. पण आत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका निळ्याची शेपटी फाटलेली होती.

४

तर्क सोडायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं. दगडाच्या बिळातून कधी कधी एक कोळंबी लपून येते. तिचा पंजा हातोडीसारखा असतो, माशांना ती जखमी करते आणि दगडावर टकटक आवाज करते. वर्षानुवर्षं दिसत नाही. बस, तीच.

आणि आवाज खरोखरच येत होता. दुपारी घर शांत झालं की टाकीच्या बाजूने, दोनदा. टक्, टक्. मग बराच वेळ काही नाही.

बुधवारी तिने तो कमानीचा दगड उचलून बादलीत ठेवला, वर गोडं पाणी ओतलं. गोड्या पाण्यात कोळंबी दोन मिनिटांत बाहेर पळते. टिटवी स्टुलावर बसून राहिली. पाच मिनिटं. दहा. बादलीत दोन किडे आणि एक इवलासा खेकडा निघाला. कोळंबी नाही.

बादली तिच्या पायांशी होती. आवाज टाकीतून आला. टक्, टक्.

दगड बाहेर होता, तरी तीन निळे डावीकडेच होते. रिकाम्या वाळूवरसुद्धा त्यांनी ती गोल रेघ ओलांडली नाही.

तिने दगड जागच्या जागी ठेवला, हात पुसले आणि खिडकीपाशी उभी राहिली. आत बाबा भांडी आवरत होते. मग ते वर्तमानपत्र घ्यायला हॉलमध्ये आले, भिंतीला धरून, कपाटाला वळसा घालून, आणि तसेच परत गेले. टिटवीने काही विचार न करता नवा कागद घेतला. त्यावर हॉल आखला.

हे गंमत म्हणून, असं ती स्वतःला सांगत होती. दोन दिवस तिने बाबांचे ठिपके दिले. चहा, वर्तमानपत्र, दारावर कुणी आलं, दिवा लावायचा. ते जेवायचे स्वयंपाकघरात, बसायचे स्वयंपाकघरात आणि झोपायचेही तिथेच, ओट्याखाली सतरंजी टाकून. "गार वाटतं," म्हणायचे.

शुक्रवारी दुपारी दोन्ही कागद तिने शेजारी ठेवले. हॉलच्या उजव्या कोपऱ्यात, खिडकीखाली, दिवाणाभोवती, एकही ठिपका नव्हता. कड गोल होती. दिवाणावरची चादर मात्र कालची नव्हती, आजही नवी, ताठ होती.

"बाबा, माझ्या दिवाणावरची चादर रोज कोण बदलतं?"

बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. शर्टाची बाही वर सरकलेली होती. दंडावर चार लहान अर्धचंद्र होते, काही जुने, काही ताजे. कुणी नखं रुतवून धरावं आणि बाजूला करावं, तसे.

"मी?" ते म्हणाले. "मी जातो का कधी त्या बाजूला?"

५

"दगड हलव," खारेकाका फोनवर म्हणाले. "यात काय एवढं? सगळे दगड बाहेर काढ, नव्याने रच. कोण कुठे राहत होता हे कुणालाच कळता कामा नये. सगळ्यांचे हक्क बुडाले की सगळेच भाडेकरू. मग त्याच दिवशी डॉमिनो सोड. आमच्या धंद्यात हा शंभर वर्षांचा उपाय आहे."

टिटवीला हा उपाय ठाऊक होता. त्यावर तिने एक प्रकरणही लिहिलं होतं. हक्क माशात नसतो, जागेत असतो; जागा मोडली की हक्क मोडतो. कपारीत काय आहे हे तिला कळत नव्हतं, पण ते कळायची गरजच नव्हती. आणि जे टाकीला लागू तेच घराला. आईचं दुःख त्या कोपऱ्यात साकळून बसलंय, बाबा त्याच्याभोवती फिरताहेत, आणि स्वतःलाच नखं लावून घेताहेत. माणूस दुःखात काहीही करतो. हॉलच बदलायचा. अगदी ओळखू येणार नाही असा.

शनिवारी सकाळी तिने पदर खोचावा तशी ओढणी खोचली. टाकीतला एकेक दगड काढला, कमान आडवी केली, उतरंड मोडून मध्ये ढीग घातला. मग दिवाण ओढायला घेतला.

"टिटवे, नको गं."

"बाबा, तुम्ही ओट्याखाली झोपता! स्वतःच्या घरात! हे काय आहे?"

"मला काही त्रास नाही. ती राखतेय ते, राखू दे."

"कोण राखतंय? कुणासाठी?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग मान खाली घातली.

"वॉर्डात ती एक खाट नेहमी रिकामी ठेवायची," ते हळू म्हणाले. "येणार असेल त्याच्यासाठी. एकदा खुद्द मोठ्या डॉक्टरांचा मेहुणा येऊन त्यावर बसला, तर त्याला दंडाला धरून उठवलं होतं."

टिटवीला रडू फुटलं आणि त्याचाच राग आला. तिने दिवाण ढकलत आतल्या खोलीत नेला आणि उभा करून भिंतीला टेकवला. खिडकीखाली पुस्तकांचं कपाट आणलं. टेबल दाराशी, खुर्च्या टाकीसमोर. दुपारी डॉमिनो सोडला. तो आल्या आल्या ढिगाच्या टोकावर चढून बसला, मालकासारखा. तीन निळे घाबरून टाकीभर पसरले. उजवीकडेही गेले. प्रथमच गेले.

"पाहिलंत?" ती म्हणाली.

बाबा दारात उभे होते. चेहरा चुन्यासारखा झालेला.

"आता तिला सापडणार नाही," ते म्हणाले.

६

रविवारी पहाट उजाडली ती आवाजाने. टक्, टक्. पण टाकीतून नाही. पुस्तकांच्या कपाटाच्या काचेवर. मग थोड्या वेळाने खिडकीच्या तावदानावर. मग आतल्या खोलीतल्या आरशावर, टिटवीच्या उशापासून हातभर अंतरावर. आवाज एका जागी थांबत नव्हता. दिवसभर तो घरभर फिरला. स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर एकामागून एक, रांगेने, जणू कुणी प्रत्येक खाटेशी थांबून नाव वाचत जावं.

टाकीत डॉमिनोने जागा सोडली होती. चारही मासे सतत पळत होते. आधी डावीकडून उजवीकडे, मग मधून, मग वर. त्यांच्यामधून एक रिकामी जागा फिरत होती. दुसरा शब्द टिटवीला सुचेना. ज्या बाजूला ती रिकामी जागा सरके, तिथले मासे बाजूला होत.

दुपारी बाबांच्या दोन्ही दंडांवर नवे अर्धचंद्र होते. स्वयंपाकघरातही आता त्यांना थारा नव्हता. ते बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते.

तिने त्यांच्यासमोर जमिनीवर बसकण मारली. "बाबा, मला सगळं सांगा."

बाबांनी ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

"तीन दिवस हातात होते," बाबा म्हणाले. "डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, लेकीला बोलावून घ्या. त्याच दिवशी तुझ्याकडची बोट होती. मी नाही कळवलं."

"काय?"

"तुझं शेवटचं काम चाललं होतं. पाच वर्षांचं. मला वाटलं, ही उठेल. नेहमी उठायची. सगळ्यांना उठवणारी बाई ती." त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले. "ती दर तासाला विचारायची, टिटवी निघाली का? मी म्हणायचो, निघाली. म्हणाली, कुठवर आली? मी म्हणालो, बोटीत बसली. मग म्हणाली, गाडीत? म्हटलं, गाडीत. शेवटी म्हणाली, दिवाण घाल, ती दमून येईल, तिथे कुणाला बसू देऊ नका."

टिटवीला ते सगळं ऐकू आलं, पण जणू पाण्याखालून. इतके महिने ती त्या बोटीला दोष देत आली होती. त्या वाऱ्याला, त्या बेटाला, स्वतःला.

"मी दिवाण घातला," बाबा म्हणाले. "एकदाच. त्यानंतर मला तिथे जाऊ दिलं नाही तिने."

७

संध्याकाळी टाकीचा पांढरा दिवा आपोआप मंद होऊन निळा होतो. घरात दुसरा दिवा कुणी लावला नव्हता. टिटवी टाकीसमोर उभी होती. बाबा तिच्या मागे, भिंतीला पाठ लावून.

मासे वरच्या एका कोपऱ्यात चिकटून होते, चारही, एकमेकांशी भांडण विसरून. खाली सारं पाणी मोकळं होतं. त्या मोकळ्या पाण्यात वाळू जराशी उठत होती, मग पुढे जराशी, मग आणखी पुढे. आडव्या कमानीपाशी थांबली. परत फिरली. काहीतरी हरवलेलं शोधताना माणूस त्याच त्या जागी पुन्हा पाहतो, तसं.

तिच्यातली शिकलेली बाई म्हणाली, पंपाचा प्रवाह. दगड हलवले की प्रवाह बदलतो. मग तिने बाही वर केली आणि हात पाण्यात घातला.

वाळू उठणं थांबलं.

ती वाट पाहत राहिली. मनात म्हणाली, हाकल मला. मीच मोडलं सगळं, मीच उशिरा आले, घाल नखं. हाताला गार पाणी लागत होतं. मग पाण्याहून जरा ऊबदार असं काहीतरी करंगळीच्या टोकाला लागलं. चावलं नाही. टिपलं. हळूच, बारीक बारीक, करंगळीवरून पुढच्या बोटावर, एकेक बोट, मग तळहात, मग मनगटाच्या आतली मऊ जागा. इंजेक्शनच्या आधी कापसाने पुसावं तसं. एकही जागा न सोडता.

पुढच्या काचेत निळ्या उजेडात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता. त्याच्या मागे हॉल, हॉलच्या मागे बाबा. बाबा डोळे मिटून भिंतीशी सरकत होते, कुणाला तरी वाट देत. आणि तिच्या खांद्याच्या वर, काचेच्या कडेशी, काहीतरी पांढरं वाकलं होतं. कडक इस्त्रीची बाही असेल. किंवा पडदा असेल. हॉलमध्ये पांढरा पडदा नव्हता.

ती मागे वळली नाही. वळलं की दिसणार नाही असं वाटलं म्हणून, की दिसेल म्हणून, हे तिचं तिलाही पुढे कधी ठरवता आलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मी आले गं."

घरात कुठेच काही वाजलं नाही. आतल्या खोलीत मात्र भिंतीला उभा टेकवलेला दिवाण सावकाश, कुणी दोन्ही हातांनी धरून उतरवावा तसा, जमिनीवर आडवा झाला. मग ताठ कापड झटकल्याचा एकच आवाज आला.

बाबा रडत होते. त्यांच्याजवळ जावं म्हणून तिने हात बाहेर काढला आणि एक पाऊल त्यांच्या दिशेने टाकलं. तेवढ्यात ते कळवळले आणि दंड धरून खाली बसले. तिने पाऊल मागे घेतलं. त्यांचं कळवळणं थांबलं.

तिने पुन्हा एकदा पाऊल पुढे टाकून पाहिलं, आणि ते पुन्हा कळवळले. शास्त्र असंच शिकवतं, एकदा झालं तर योगायोग. मग पुन्हा टाकून पाहायचं धाडस तिला झालं नाही.

८

सकाळी सातला तिने आत्याला फोन लावला.

"बाबांना तुझ्याकडे पाठवतेय. आजच."

"काय झालं गं? भांडलात?"

"नाही. भांडायचंय अजून. पण ते फोनवर भांडू."

"तुम्ही बापलेक म्हणजे ना! किती दिवसांसाठी?"

"त्यांची सगळी कपाटं रिकामी करून पाठवतेय, आत्या."

पलीकडे आत्याने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "बरं. पाठव. भाऊ म्हणूनच सांभाळीन म्हणावं, उणंदुणं काढणार नाही. आणि तू? तूही ये ना बाई, दोघी मिळून त्याला हसवू."

"कॉलेज आहे मला."

नऊला खारेकाका येऊन चारही मासे घेऊन गेले. दहाला खाली गाडी उभी राहिली. बाबांच्या तीन बॅगा तिने एकटीने उतरवल्या. जिन्यात, घराच्या उंबऱ्याबाहेर, तिने त्यांचा हात धरला आणि जरा थांबली. काही झालं नाही. तेव्हा तिने त्यांना मिठी मारली.

"तू रागावली आहेस," बाबा तिच्या खांद्यात म्हणाले.

"हो. फार."

"मग चल माझ्याबरोबर. गाडीत रागाव. टिटवे, घर बंद करू. किल्ली वाण्याकडे देऊ. तुझं आयुष्य आहे, तुझं काम आहे, एवढं शिकलीस."

तिने वर, उघड्या दाराकडे पाहिलं. बाबांची ही गोष्ट खरी होती. दार ओढून घ्यायला दोन सेकंद पुरले असते. आणि मग आत ती वाट पाहणारी बाई पुन्हा एकेका काचेशी जाऊन विचारत राहिली असती, महिनोन् महिने, आणि तिला खोटं सांगायलाही कुणी उरलं नसतं.

"तुमची गोळी रात्री जेवणानंतर," टिटवी त्यांना खाली नेऊन गाडीत बसवत म्हणाली. "आत्या विसरेल, तुम्ही विसरू नका."

"तू किती दिवस राहणार तिथे?"

उत्तर तिला सकाळी सहालाच ठाऊक झालं होतं. आतल्या खोलीत, ताठ पांढऱ्या चादरीवर, इतकी गाढ झोप लागून ती जागी झाली होती की उठायला हातच हलेनात. कुणीतरी पांघरूण चारही बाजूंनी नीट, घट्ट खोचलेलं होतं.

"मी आलेय हे तिला पटेपर्यंत," ती म्हणाली, आणि गाडीचं दार बाहेरून लावलं.